बुडापेस्टहून होल्लोको: जुनं पालोत्स गाव एका दिवसात कसं पाहावं

बुडापेस्टच्या ईशान्येला साधारण 100 किलोमीटरवर, चेरहात डोंगरांच्या एका खोलगट दरीत होल्लोको नावाचं खेडं आहे. 1987 मध्ये हंगेरीतली पहिली दोन ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. एक बुडापेस्टचा डॅन्यूबकाठ आणि बुडाच्या किल्ल्याचा परिसर. दुसरं हे, जेमतेम तीनएकशे वस्तीचं गाव. इथले लोक पालोत्स. म्हणजे हंगेरियनच, पण उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले. त्यांची बोली वेगळी, पेहराव वेगळा, आणि घर बांधायची रीतही वेगळी.

गाव पाहायला तीन-चार तास पुरतात. बसने जाण्यायेण्यातही जवळपास तेवढेच जातात. म्हणून या सहलीत डोकं चालवायचं ते परतीच्या गाडीवर. ती एकदा पक्की झाली की उरलेला दिवस निवांत घालवता येतो. गावाला घाई अजिबात मानवत नाही. धावतपळत आलेली माणसं पंधरा मिनिटांत रस्ता संपवतात आणि ‘एवढंच?’ म्हणत परततात.

आधी दिवस ठरवा

सगळ्यात चांगले महिने एप्रिलअखेर ते जून आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा तिशीच्या वर जातो आणि किल्ल्याच्या चढावर घाम निघतो. डिसेंबर-जानेवारीत गाव सुंदर दिसतं खरं, पण बरीचशी दारं बंद असतात आणि दुपारी चार-साडेचारलाच सूर्य मावळतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने थंडीत जाऊ नये, असं माझं मत.

वार निवडताना सोमवार टाळा. हंगेरीत संग्रहालयांची सुट्टी बहुधा सोमवारी असते, आणि इथली छोटी घरं-संग्रहालयंही त्याला अपवाद धरू नयेत. 15 मार्च, 20 ऑगस्ट आणि 23 ऑक्टोबर हे राष्ट्रीय सुट्टीचे दिवस. त्या दिवशी बसचं वेळापत्रक बदलतं, दुकानं बंद असतात, आणि गावात काही कार्यक्रम असला तर गर्दी उसळते. एरवी गावात हिंडायला पैसे पडत नाहीत. किल्ला आणि संग्रहालयांचं तिकीट वेगळं घ्यावं लागतं. मोठ्या उत्सवाच्या दिवशी मात्र गावात शिरतानाच तिकीट असतं.

भारतातून येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: व्हिसा शेंगेनचाच लागतो, पण चलन युरो नाही. इथे फोरिंट चालतो. रोख फोरिंट बुडापेस्टमध्येच काढून ठेवा. कार्ड पुष्कळ ठिकाणी घेतात, पण पायरीवर भरतकाम मांडून बसलेल्या आजींकडे यंत्र असेलच असं नाही. शौचालयासाठी सुटी नाणी खिशात असू द्या.

बस, आणि वेळापत्रकातली मेख

बुडापेस्टच्या मेट्रोची लाल लाइन, म्हणजे एम-2, पकडून ‘पुश्काश फेरेंत्स श्टॅडियोन’ स्थानकावर उतरा. फुटबॉलच्या त्या प्रसिद्ध स्टेडियमला लागूनच लांब पल्ल्याच्या बसचं स्थानक आहे. होल्लोकोची थेट बस इथूनच सुटते आणि साधारण दोन तासांत पोचते. थेट गाड्या दिवसभरात मोजक्याच. कुठल्या प्रवासवर्णनात वाचलेली वेळ गृहीत धरू नका, आदल्या संध्याकाळी वेळापत्रक स्वतः पाहा. मावचं, म्हणजे तिथल्या सरकारी वाहतूक कंपनीचं ॲप आहे. त्यात निघायचं ठिकाण, पोचायचं ठिकाण आणि नेमकी तारीख टाकायची.

तारखेवर एवढा जोर देण्याचं कारण आहे. हंगेरीतल्या खेड्यांच्या बस कामाचा दिवस, शनिवार आणि रविवार-सुट्टी अशा तीन हिशेबांनी धावतात. शिवाय काही गाड्या फक्त शाळा सुरू असलेल्या दिवशीच असतात. थांब्यावरच्या छापील कागदात वेळेशेजारी बारीक चिन्हं दिसतात, ती याचीच. जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत शाळा बंद. तेव्हा कागदावर ठळक दिसणारी दुपारची बस प्रत्यक्षात येतच नाही. ॲपमध्ये तारीख टाकली की ही भानगड आपोआप सुटते.

थेट बस सोयीची नसेल तर पास्तो गाठा. बुडापेस्टहून पास्तोला बस बऱ्याच असतात, कारण ते 21 क्रमांकाच्या मुख्य रस्त्यावर आहे. रेल्वेने हॉतवॉनला गाडी बदलूनही तिथे जाता येतं. पास्तोहून होल्लोकोची गावगाडी मिळते. दुसऱ्या बाजूने, म्हणजे सेचेनहूनही गावगाड्या येतात. या दोन नावांची चिठ्ठी करून ठेवा, परतताना कामी येईल.

तिकीट ॲपवर काढता येतं किंवा चालकाकडे मिळतं. हंगेरीत शिकणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी एक गोष्ट: तुमच्याकडे देशभर चालणारा मासिक पास असेल तर तो या बसलाही चालतो, वेगळं तिकीट नको. विद्यार्थ्यांना त्या पासात भरघोस सवलत आहे. महिन्यात दोनदा जरी शहराबाहेर पडलात तरी वसूल होतो.

गाडी भाड्याने घेणार असाल तर एम-3 महामार्गाने हॉतवॉनपर्यंत, मग 21 क्रमांकाचा रस्ता धरून पास्तो, आणि तिथून आत वळायचं. महामार्गावर चढण्याआधी ई-मात्रित्सॉ, म्हणजे ऑनलाइन टोल, भरलेला हवा. नाक्यावर कोणी अडवत नाही, कॅमेरा नंबरपाटी वाचतो आणि दंड मागाहून येतो. भाड्याच्या गाडीला तो आधीच भरलेला आहे का, हे चावी घेतानाच विचारा. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवानाही ठेवा. आणि गावात पालिंका, म्हणजे फळांची कडक दारू, चाखायला पुढे केली जाईल तेव्हा चालवणाऱ्याने हात जोडावेत. हंगेरीत चालकाच्या रक्तात दारूचं प्रमाण शून्यच लागतं, ‘एकच घोट’ ही सवलत कायद्यात नाही.

उतरल्यावर आधी किल्ला

बस थांबते तो भाग नव्या वस्तीचा. गावातले बहुतेक लोक इथेच राहतात. साधी घरं, दारात मोटारी, एखादं किराणा दुकान. निराश होऊ नका. उतरल्याबरोबर पहिलं काम म्हणजे थांब्यावर परतीच्या वेळेचा फोटो काढून घेणं. मग ‘ओफॉलु’ लिहिलेल्या पाट्यांच्या मागे चालू लागा. जुनं गाव ते हेच.

सकाळी पोचला असाल तर मी आधी किल्ला करायला सांगेन. ऊन वर येण्याआधी चढ उरकतो, आणि सहलीच्या मोठ्या बस गावात गर्दी ओततात तेव्हा तुम्ही वर असता. ‘वार’ अशी पाटी म्हणजे किल्ल्याची वाट. झाडीतून पंधरा-वीस मिनिटांचं चालणं आहे, मध्येमध्ये चढ जरा अंगावर येतो. पावसानंतर ही माती निसरडी होते, तेव्हा पकड असलेले बूटच घाला. गावातली फरसबंदीही उंचसखल दगडांची आहे. चपला आणि उंच टाचा दोन्हीकडे त्रास देतात. बाबागाडी ढकलणं जिकिरीचं आहे, लहान मूल पाठीवर बांधलेलं बरं.

किल्ला तेराव्या शतकातला. 1241-42 मध्ये मंगोलांनी हंगेरी उद्ध्वस्त केली, आणि त्या धड्यानंतर देशभर दगडी किल्ले उभे राहिले, त्यांतलाच हा एक. काचिच घराण्याने तो बांधला. पुढे तुर्कांच्या काळात तो हातोहात फिरत राहिला आणि 1683 नंतर ओस पडला. आज दिसतो तो विसाव्या शतकात डागडुजी करून उभा केलेला. काही दालनांत छप्पर नव्याने घातलंय आणि शस्त्रं, पुतळे मांडलेत. ते मला फारसे भावत नाहीत. बुरुजावरून दिसणारा देखावा मात्र चुकवू नका. खाली झाडीत रुतलेली लाल कौलं, त्यांच्यामागे शेतांच्या अरुंद लांबट पट्ट्या, आणि चहूकडे चेरहातच्या गोलसर टेकड्या. त्या पट्ट्या नीट पाहून घ्या, गावात उतरल्यावर घरांचा आकार त्यांच्यामुळेच कळतो. युनेस्कोच्या यादीत फक्त घरं नाहीत. किल्ला, गाव आणि आसपासची ही शेतं मिळून सुमारे 145 हेक्टरचा परिसर त्यात आहे.

किल्ल्याची दंतकथा तुम्हाला गावात कोणीही सांगेल. काचिचांपैकी एकाने एका सुंदर स्त्रीला पळवून आपल्या वाड्यात कोंडून ठेवलं. तिची दाई चेटकीण होती. तिने सैतानाशी सौदा केला, त्याचे चेले डोमकावळे होऊन आले आणि त्यांनी रातोरात तो वाडा दगड-दगड करून उचलून नेला. त्याच दगडांचा किल्ला झाला म्हणे. गावाच्या नावातच डोमकावळा आणि दगड आहेत, आणि गावाच्या चिन्हावरही तो पक्षी बसलाय.

घर कसं पाहायचं

जुन्या गावात मुख्य रस्ता एकच, कोशुथ रस्ता. मध्ये त्याला पेटोफी रस्त्याचा फाटा फुटतो, आणि त्या बेचक्यात सेंट मार्टिनचं पांढरं चर्च आहे. 1889 मधलं, लाकडी फळ्यांच्या मनोऱ्याचं, अगदी छोटं. रविवारी सकाळी तिथे खरीखुरी प्रार्थना चालते. तेव्हा आत डोकावायचं नाही.

दोन्ही रस्ते मिळून सुमारे 55 राहती घरं. सगळी एकसारखी वाटतात आणि तिथेच लोकांचा रस संपतो. त्यापेक्षा एकाच घरासमोर दहा मिनिटं उभे राहा.

घराची अरुंद बाजू रस्त्याकडे, लांब बाजू आत अंगणाकडे. कारण जमीन पट्ट्यापट्ट्यांनी वाटलेली. पोरांची लग्नं झाली, खाती तोंडं वाढली, की त्याच पट्टीवर मागे मागे बांधत जायचं. लांब बाजूला लाकडी खांबांची ओसरी, तिच्या कठड्याला कातरकाम. छप्पर ओसरीवरून इतकं पुढे आलंय की पावसात भिंतीला थेंब लागत नाही. भिंत मातीची आणि वर चुन्याचा हात, त्यामुळे पाणी तिचा पहिला शत्रू. आता पायथ्याकडे बघा. जमीन उतरती, म्हणून घराच्या पुढच्या भागाखाली दगडी तळघर निघतं आणि त्याचं बुटकं दार थेट रस्त्यावर उघडतं. वर नजर न्या. त्रिकोणी लाकडी कपाळपट्टीत कोरलेली भोकं शोभेची आहेतच, पण माळ्यावर हवा खेळती ठेवायचं कामही तीच करतात.

हे सारं फार प्राचीन आहे असं समजू नका. गावाला हा आकार प्रामुख्याने सतराव्या-अठराव्या शतकांत आला. घरं तेव्हा लाकडाची आणि गवताने शाकारलेली, त्यामुळे आग वारंवार लागायची. शेवटची मोठी आग 1909 मधली. त्यानंतर लोकांनी घरं पुन्हा उभी केली ती जुन्याच जागी आणि जुन्याच आखणीने. फक्त पाया दगडाचा केला, भिंती कच्च्या-पक्क्या विटांच्या, आणि गवताच्या जागी कौलं आली. म्हणजे समोरचं घर बरंचसं शंभर-सव्वाशे वर्षांचं, पण त्याची रीत त्याहून कितीतरी जुनी. मला गावाची ही गोष्ट सगळ्यात आवडते. आग लागल्यावर शहरासारखं काहीतरी बांधायची संधी होती, ती त्यांनी घेतली नाही.

आत काय असतं ते पाहायला ‘फॉलुमूझेउम’, म्हणजे गावाचं संग्रहालय गाठा. एकाच संग्रहालयाचे पैसे खर्च करायचे असतील तर याचेच करा. ओसरीतून शिरलात की मधली खोली स्वयंपाकाची. रस्त्याकडची खोली मानाची: मोठी भट्टी, भिंतीवर देवादिकांच्या तसबिरी, कोपऱ्यात बाक, आणि पलंगावर छताकडे चढत गेलेली उशा-दुलयांची चळत. त्यावर कोणी झोपायचं नाही. लेकीला माहेरून काय मिळालं, ते आल्यागेल्याला दिसावं म्हणून ती रचलेली. मागची तिसरी खोली कोठीची. धान्य, हत्यारं, आणि एकत्र कुटुंबात सुना-लेकींची झोपायची जागाही हीच, थंडीतसुद्धा, शेकोटीशिवाय.

बाकीची संग्रहालयं आवडीप्रमाणे. बाहुल्यांच्या घरात वेगवेगळ्या प्रांतांतले पोशाख बाहुल्यांवर आहेत, मुलं रमतात. टपालाचं छोटं संग्रहालय जुन्या उपकरणांचं वेड असेल तरच. विणकामाच्या घरात हातमाग चालू असेल तर थांबा आणि मागावर बसलेल्या बाईंच्या पायांकडे बघा. सगळं कसब पायपट्ट्या दाबण्याच्या क्रमात आहे. हात नुसते धोटा फेकत असतात.

खायचं काय, विशेषतः शाकाहारींनी

गावात खाण्याच्या जागा थोड्या आणि दुपारी साडेबारा ते दोन भरलेल्या असतात. बाराच्या आधी तरी बसा किंवा अडीचनंतर तरी. हंगामाबाहेर जाताना पिशवीत काहीतरी असू द्या. थेपले, पोळीचा रोल, जे काही प्रवासात नेता ते.

इथला नावाजलेला पदार्थ म्हणजे पालोत्स सूप: मटण, फरसबी, बटाटा, आणि वरून आंबट साय. गाव इतकं जुनं, तसंच हे सूपही असेल असं वाटतं, पण ते बुडापेस्टच्या यानोश गुंडेल या प्रसिद्ध बल्लवाचार्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिकसात काल्मान या लेखकासाठी केलेलं. मिकसात याच नोग्राद प्रांतातला. मांसाहारी असाल तर जरूर घ्या, एका वाडग्यात जेवण होतं.

शाकाहारी मंडळींनी दोन नावं लक्षात ठेवावीत. मॉत्सोक म्हणजे किसलेल्या कच्च्या बटाट्याचं लसूण घातलेलं जाडसर धिरडं. स्त्रापाच्कॉ म्हणजे बटाटा-पिठाच्या छोट्या गोळ्या, मेंढीच्या दुधाच्या खारट चीजमध्ये घोळलेल्या. दोन्ही चविष्ट, आणि दोन्हींत गोम आहे. तळायला डुकराची चरबी वापरण्याची इथे जुनी पद्धत आहे, आणि स्त्रापाच्कॉवर बहुधा कुरकुरीत बेकन भुरभुरवतात. ‘वेगेतारियानुश’ म्हटलं की मांसाचा तुकडा टळतो, चरबी टळेलच असं नाही. म्हणून तीन गोष्टी विचारा. ‘हूशमेंतेश?’ म्हणजे बिनमांसाचं आहे का. ‘सालोन्नॉ नेलक्यूल’ म्हणजे बेकन न घालता. आणि ‘ओलॉय वॉद्य झीर?’ म्हणजे तेल की चरबी. शेवटच्या प्रश्नाला ‘झीर’ असं उत्तर आलं तर गोड पॅनकेककडे वळा. त्यात जर्दाळूचा जॅम असतो. अर्थात अंडं न खाणाऱ्यांना तोही चालणार नाही. अशांनी पाव, चीज आणि घरच्या डब्यावर भिस्त ठेवलेली बरी.

दुकानात शिरताना ‘यो नॉपोत’ म्हणायचं, निघताना ‘क्योस्योन्योम’. इंग्रजी फारसं चालत नाही, पण हे दोन शब्द ऐकले की आजी हसतात आणि बोटांवर किंमत दाखवतात. घासाघीस करू नये, इथे ती पद्धत नाही. भरतकामाचा रुमाल घ्यायचा तर उलटून मागची बाजू बघा. हाताच्या टाक्याला मागे गाठी आणि तिरपे धागे दिसतात, यंत्राचं भरतकाम मागूनही सफाईदार असतं.

ईस्टरला जायचं असेल तर

वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी ईस्टरला. सोमवारी तरुण पोरं विहिरीपाशी बादल्या घेऊन उभी राहतात आणि पालोत्स पोशाखातल्या मुलींना चिंब करतात. बदल्यात मुली रंगवलेलं अंडं देतात. आपल्याकडे रंगपंचमी पाहिलेल्याला यात नवल वाटणार नाही, फक्त पाणी एप्रिलच्या थंडीतलं असतं. एकावर एक घातलेले चुण्यांचे परकर, मण्यांची कामं, विवाहित बायकांची डोकी झाकणारी टोपी, हे सगळं एकाच दिवशी अंगावर पाहायला मिळतं. एरवी ते पेटीत किंवा संग्रहालयात.

पण पहिली भेट ईस्टरची नको, असंच मी सुचवेन. माणसांच्या खांद्यांपलीकडे घरं दिसत नाहीत. जायचंच ठरवलं तर तिकीट आधी काढा, भल्या सकाळी पोचा, कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी घाला, आणि परतीची बस भरलेली असणार हे धरून चाला.

एरवीच्या दिवशीचा शिष्टाचार सोपा आहे. दारावर संग्रहालय, दुकान किंवा कारागिराची पाटी असेल तर आत जावं. पाटी नसेल तर ते कोणाचं तरी घर आहे. फाटक उघडं दिसलं म्हणून अंगणात शिरू नये, ओसरीत बसलेल्या आजोबांचा फोटो न विचारता घेऊ नये. ड्रोनचं नावही काढू नका.

हे सगळं जमणार नसेल, म्हणजे हाताशी अर्धाच दिवस असेल किंवा सोबत वयस्कर मंडळी असतील, तर बुडापेस्टजवळच्या सेंतेंद्रेचं खुलं संग्रहालय पाहा. तिथे देशभरातली जुनी घरं उचलून आणून मांडली आहेत. बात्यानी चौकातून लोकल गाडीने सेंतेंद्रे, पुढे बस. सोय उत्तम, माहिती भरपूर. पण तिथली घरं पाहुणी आहेत. होल्लोकोतली आपापल्या पायावर, आपापल्या शेताकडे पाठ करून उभी आहेत.

परतताना

काढलेला फोटो पाहून थांब्यावर पंधरा मिनिटं आधी जा. खेड्यातली बस कधीकधी वेळेआधीच येते आणि कोणी दिसलं नाही तर थांबतही नाही. रस्त्याच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं ते आधीच कोणाला तरी विचारा. थेट बस चुकली तर बुडापेस्टचा नाद सोडा आणि पास्तो किंवा सेचेनची जी पहिली गावगाडी येईल ती धरा. पास्तोहून संध्याकाळपर्यंत पुढच्या गाड्या मिळतात. तीही हुकली तर गावातच जुन्या घरांत राहायची सोय आहे. हंगामात खोल्या आधीच भरलेल्या असतात, तेव्हा अंधार पडायची वाट न पाहता चौकशीला लागा. आणि बस दिसली की हात दाखवा, नुसतं उभं राहू नका.